आधी तू, मग मी

दादा,

तुझं स्टूल अजून दाराजवळच आहे. वहिनी त्याच्या भोवतीने झाडू फिरवतात, मी येता-जाता त्याला वळसा घालते, पण हलवत कोणीच नाही. तेरावं परवा झालं. माणसं आली, जेवली, "देवमाणूस होता" म्हणाली आणि गेली. देवमाणूस वगैरे तू काही नव्हतास. हट्टी होतास, रेडिओ क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल इतका मोठा लावायचास, आणि वादात हरायला लागलास की मराठी सोडून हिंदीत शिरायचास. त्या सगळ्यावरून तुझ्याशी भांडायचं आहे, पण ते पुढे कधीतरी. आज मला भीती वाटते आहे. आणि भीती वाटली की तुला हाक मारायची, ही माझी लहानपणापासूनची खोड.

टेबलावर औषधाची बाटली आहे. छोट्या पांढऱ्या गोळ्या, त्याच, तुला ठाऊक असलेल्या. पण बाटली नवी आहे, झाकणाखालचा कापूससुद्धा अजून काढलेला नाही. चहा-पोळी झाली की यातली एक मला घ्यायची आहे. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय. चहा कधीच झाला. मी तासभर या बाटलीकडे बघत बसले आहे, कारण यातली एकही गोळी तू घेऊन बघितलेली नाहीस.

आईने आपल्याला दोन गोष्टी दिल्या, हे नाक आणि हा दमा. नाकावरून तू मला चिडवायचास, दम्यावरून मी तुला. तुझ्या छातीत शिट्टी वाजायची, माझ्या छातीत मांजर घुरघुरायचं, आणि कोणाचा आवाज मोठा यावरून आपण अंथरुणात पडून पैजा लावायचो. घरात कसलंही नवीन औषध आलं की आधी तू घ्यायचास, मग मी. काढा असो, चाटण असो, कोणा वैद्याची पुडी असो. "थांब, आधी मी," म्हणून तू गटकन घ्यायचास आणि दाराजवळ जाऊन बसायचास. मी समोर उभी राहून तुझं तोंड निरखायची. तुला काही झालं नाही की माझी पाळी. तेव्हा तू बारा वर्षांचा होतास, मी सहाची. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढे तू दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलास आणि तिथेही तुझ्या वाट्याला हेच काम आलं. प्रूफ. तोफेच्या गोळ्यांचा एक लॉट तयार झाला की त्यातले थोडे काढायचे, रेंजवर नेऊन उडवून बघायचे, ते नीट उडाले की सगळा लॉट पास. तुम्ही तिकडे उडवायचात आणि इकडे शाळेत माझ्या वर्गाची तावदानं थरथरायची. मुली पाढे म्हणता म्हणता थांबायच्या. मी म्हणायची, "काही नाही गं, माझा भाऊ आहे." मग त्या हसायच्या. तेव्हापासून आपल्या घरात औषधालाही लॉट म्हणायला लागले. तू गोळी घ्यायचास, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचास, स्टुलावर बरोबर अर्धा तास बसायचास, आणि उठताना माझ्या डोक्यावर टपली मारायचास. "चलो, लॉट पास!"

"अर्धा तासच काहून?" मी एकदा विचारलं होतं.

"रेंजवरचा कायदा आहे. गोळा उडाला नाही तर लगेच त्याच्या पास जायचं नाही. आवाज नाही आला म्हणजे काही झालं नाही, असं समजायचंच नाही. गुपचूप बसून राहायचं. खरा धोका तेव्हाच राहते, शालू."

हे तुझे शब्द आहेत, दादा. तू ते इतक्या सहज बोलला होतास, आणि मी ऐकताना गहू निवडत होते.

एकदा लॉट फेलही झाला होता. आठवतं? कोणीतरी ती जाळून धूर घ्यायची पुडी आणून दिली होती, धोतऱ्याच्या पानांची. दम्यावर रामबाण म्हणे. तू बशीत जाळलीस, टॉवेल डोक्यावर घेतलास, धूर ओढलास. पंधरा मिनिटांत तुझं तोंड कोरडंठाक, डोळे हे एवढे मोठे, आणि तू भिंतीवरच्या कॅलेंडरला आपला फोरमन समजून त्याच्याकडे रजा मागायला लागलास. वहिनी रडत होत्या आणि मला, देवाशपथ, हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन तू पहिलं वाक्य काय बोललास? "शालूने नाही घेतलं न? लॉट फेल!" मी किती वेळा ही गोष्ट लोकांना सांगून हसवलंय. पण त्या दिवशी माझ्याऐवजी तू कॅलेंडरशी बोललास, आणि मी त्याबद्दल तुझे कधी आभार मानले नाहीत. आज मानते.

त्यानंतर सगळे घेतात त्या पिवळ्या गोळ्या आल्या. त्यांनी दम मोकळा व्हायचा, पण हात थरथरायचे आणि छातीत ढोल वाजायचे. फळ्यावर लिहिताना माझं अक्षर वाकडं यायचं. तू म्हणायचास, घे, पण दिवसात दोन, जास्त नाही. दोनच. हे बंधन तूच घातलं होतंस.

आणि मग गेल्या श्रावणात या पांढऱ्या आल्या. तुला इतका मोठा झटका आला होता की दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून सुटताना डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. दहा दिवस घ्या, मग परत दाखवायला या. तू दहा दिवस घेतल्यास आणि काय जादू झाली! जिना न थांबता चढलास. सायकलवर शीळ घालत आलास. परत दाखवायला मात्र गेला नाहीस. कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला होता, बारा-बारा तासांची पाळी, सरहद्दीवर काय होणार ते रोज पेपरात येत होतं, आणि तुमच्याकडे लॉटवर लॉट पडून होते. तू तीच चिठ्ठी खिशात घालून कांचघर मोहल्ल्यातल्या औषधांच्या दुकानात जायचास. घड्यांवर फाटून तिचे चार तुकडे व्हायला आले होते. तिथला कंपाउंडर न वाचताच गोळ्या मोजायचा. "ले जाओ दादा, आप तो घर के आदमी हो."

कारखान्यात घालायच्या तुमच्या कपड्यांना खिसाच नसतो, बरोबर काही नेता येत नाही. म्हणून पाळी लांबली की तू जास्तीची गोळी घरूनच घेऊन निघायला लागलास. आधी एक. मग दोन. दसऱ्यापर्यंत तू दिवसाला किती घ्यायचास ते तू मला खरं सांगत नव्हतास आणि मी खरं विचारत नव्हते.

दिवाळीच्या आधी मला शाळेत झटका आला. मुलींसमोर, खुर्चीत. तू संध्याकाळी तुझी बाटली काढलीस. "तीन महिने झाले, मी घेऊन राहिलो न. याच्यापेक्षा मोठं प्रूफ कोणतं पाहिजे? काहून घाबरून राहिली?" मी घेतली. रोज एक; तू माझीही वेगळी बाटली आणायला लागलास. खरं सांगते, दादा, माझ्या आठवणीतला तो पहिला महिना होता जेव्हा मी श्वासाचा विचार न करता जगले. भांडं हातात घेऊन विहिरीपर्यंत गेले आणि परत आल्यावर लक्षात आलं की मधे कुठेच थांबले नव्हते. म्हणून मी त्या गोळीला शिव्या देत नाही. मला तिची भीती वाटते, पण शिव्या देत नाही.

मग तुझा चेहरा बदलायला लागला. गाल फुगले, मान जाड झाली, डोळे त्यात बारीक झाले. वहिनी खूश होत्या, म्हणाल्या, आता कुठे अंगाला अन्न लागून राहिलंय. मला ते अन्न वाटत नव्हतं. तू जिन्याच्या कठड्याला नुसता घासलास तरी हातावर काळा-निळा डाग उठायचा. मी म्हटलं, हे गोळ्यांचं आहे. तू म्हणालास, तू मास्तरीण आहेस, डॉक्टर नाहीस. मी म्हटलं, तू पण नाहीस. आणि जुंपली आपली.

लढाई सुरू झाली आणि संध्याकाळी ब्लॅकआउट आला. खिडक्यांना काळा कागद, फटींना चिंध्या, आणि आत थंडीची सिगडी. त्या धुरात तुझी छाती भरून यायची, तू आणखी एक गोळी टाकायचास, आणि मी ओरडायची. एका संध्याकाळी मी बाटली हिसकावली. तू चिडला नाहीस. खाली बसलास आणि एकदम शांतपणे म्हणालास, "शालू, आत्ता नाही सोडू शकत. समजून घे न. तिकडे पोरं तोफेजवळ उभी आहेत. मी खोकत बसलो तर लॉट कोण पास करील? लढाई संपू दे. ज्या दिवशी संपली त्या दिवशी बंद. एकदम बंद. तू पण. दोघं मिळून."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

मी बाटली परत दिली. मला वाटलं, मी जिंकले.

ढाक्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा अख्खी कॉलनी रस्त्यावर होती. शेजारचे पांडे भैया थाळी बडवत फिरत होते. तू पाळीवरून आलास तो हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा घेऊन, आणि कपडेही न बदलता तुझी बाटली आणून माझ्या तळहातावर ठेवलीस. "घे. लढाई खतम, गोळी खतम. तुझी कुठाय?"

"संपली," मी म्हटलं. "उद्यापासून नाही."

ते खोटं नव्हतं. माझ्या खरंच संपल्या होत्या. तुझी बाटली मी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, दादा, की मी दोन जलेब्या जास्त खाल्ल्या.

आता जे लिहायचं आहे ते मी तू असताना तोंडातून काढू शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या छातीत थोडं घुरघुरलं. थोडंच. पण मला भीती वाटली. मी कपाट उघडलं आणि तुझ्या बाटलीतली एक घेतली. तिसऱ्या दिवशी घुरघुरलंही नाही, तरी घेतली. रोज घेतली. तू समोर चहा पीत बसायचास, विचारायचास, "शालू, पाळून राहिली न?" आणि मी मान डोलवायची. आईची शपथ तू पाळलीस. मी तुला फसवलं.

आणि तुला काहीच झालं नाही. चार दिवस, पाच दिवस, सहा दिवस. तू छाती पुढे काढून घरात फिरायचास. "बघ, झालं काही? उगाच घाबरवून ठेवलं होतं तू. लॉट पास!" आवाज आला नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजायचं नाही, हे जगाला शिकवणारा माणूस तू. तुला ते आठवलं नाही आणि गहू निवडता निवडता ऐकणाऱ्या मलाही आठवलं नाही.

सातव्या दिवशी तू म्हणालास, पायात जोर नाही. आठव्या दिवशी चहा उलटला. आंघोळीहून उठताना भिंत धरलीस. "ओव्हरटाइमची थकान आहे, निघून राहिली," म्हणालास, आणि आम्हाला ते पटलं, कारण सगळ्या कॉलनीतले पुरुष तेव्हा थकलेले होते. दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, याच स्टुलावर तू उन्हात बसला होतास आणि शिट्टी सुरू झाली. तू पिवळ्या दोन घेतल्यास. मग आणखी दोन. तुझे हात इतके थरथरायला लागले की पाणी मी पाजलं. स्वेटरवरून तुझं काळीज उडताना दिसत होतं. दम काही मोकळा होईना. मी आत जाऊन शेगडीवर पाणी ठेवत होते तेवढ्यात तू आणखी दोन टाकल्यास. दोनच म्हणणारा तू.

पांडे भैया कारखान्याच्या गेटवर पळाले, गाडी घेऊन आले. "हिम्मत रखो दादा, बस पहुँच गये." तू माझा हात धरला होतास. अर्ध्या रस्त्यात तुझी शिट्टी हळूहळू कमी झाली आणि थांबली. गाडीत एकदम शांत झालं. मला इतकं हायसं वाटलं. मी वहिनींना म्हटलंसुद्धा, "मोकळं होऊन राहिलंय बघा." त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दवाखान्याच्या पायरीशी त्यांनी तुला उतरवलं तेव्हा कळलं की मोकळं काहीच झालं नव्हतं. तुझ्या छातीत आवाज करण्यापुरतीसुद्धा हवा जात नव्हती.

आणि ती बाटली माझ्या कपाटात होती. तू बसला होतास तिथून आठ पावलांवर. मी मोजली आहेत.

त्याच दिवशी मी ठरवलं की आता मीही सोडणार. तुला फसवून घेतली, निदान आता तरी शपथ पाळू. बाटलीत उरलेल्या गोळ्या मोरीत ओतल्या आणि भांडंभर पाणी टाकलं. मला ते प्रायश्चित्त वाटलं. चौथ्या दिवशी मी मागच्या अंगणात तांब्या घासत होते आणि तांब्या हातातून गेला. अंगण एका बाजूला कललं. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं वहिनींच्या मांडीवर होतं.

"पायात जोर नाही?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"सकाळी चहा उलटला न? मी ऐकलं."

वहिनींचा चेहरा पांढराफटक झाला. तू गेल्यावरही तो तसा झाला नव्हता. त्या उठल्या, शाल घेतली आणि दारात जाऊन रिक्षाला हाक मारली. सुतकातली बाई, नवरा जाऊन चार दिवस झालेले, घरात दिवा लावून ठेवलेला, आणि आपल्या मावश्या-चुलत्या ओसरीवर बसलेल्या. त्या म्हणाल्या, "अगं, असं निघतात का? लोक काय म्हणतील?" वहिनी, ज्यांनी आयुष्यात कोणाला वर मान करून उत्तर दिलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "लोकांना म्हणू द्या. एकाचं दुखणं मी थकान समजून बसले होते. दुसरीचं नाही समजणार."

नेपियर टाउनच्या डॉक्टरीणबाई आपल्यातल्याच आहेत, मराठी, केस पांढरे, बोलणं थोडं. त्यांनी माझी नाडी धरली, रक्तदाब पाहिला, आणि काय काय घेता ते विचारलं. वहिनी शेजारी बसल्या होत्या. मला सगळं सांगावं लागलं, दादा. श्रावणापासून. शपथ, कपाट, साड्यांच्या मागची बाटली, रोजची मान डोलवणं, मोरी. मी वहिनींकडे बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी सुई टोचली आणि मग बोलल्या. म्हणाल्या, ही स्टिरॉइडची गोळी. वाईट नाही, जीव वाचवते. पण महिनोन्‌महिने बाहेरून मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचंच सोडून देतं. मग एका दिवसात बंद केली तर शरीराकडे काहीच उरत नाही, आणि ते लगेच कळतही नाही. ही सोडायची असते ती पायरीपायरीने, डॉक्टरला विचारून. आणि त्या पिवळ्या गोळ्या दोनाच्या जागी सहा घेतल्या तर फुप्फुस उघडत नाही, काळीज तेवढं धावतं. पांढरी घेताना भीती वाटत होती ना? त्या भीतीने तुम्ही दोघांनी डॉक्टरकडे यायला हवं होतं, एकमेकांना शपथा कशाला घातल्या?

"म्हणजे मी त्याला..." मी म्हटलं.

"तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही कोणाच्या माथी मारू नका, स्वतःच्याही नाही. मला समोर दिसतं ते एवढंच आहे की तुम्ही सोडली नव्हती, म्हणून त्या दहा दिवसांत तुम्हाला काही झालं नाही. आता सोडलीत, तर चार दिवसांत इथे आलात."

परत येताना सराफ्याकडे वळणाऱ्या रस्त्यापाशी गर्दीत रिक्षा थांबली, तेव्हा वहिनी रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "बरं केलं तुम्ही फसवलं, शालूताई. दोघं एकाच शपथेत गेले असते तर मी कोणाशी बोलले असते?" आणि मग आम्ही दोघी भर बाजारात, त्या बिचाऱ्या रिक्षावाल्याच्या पाठीमागे, पहिल्यांदा मोठ्याने रडलो.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दहा दिवसांच्या गोळ्या आपल्याजवळच्याच, कागदात मोजून दिल्या होत्या. काल परत दाखवायला गेले. हो, गेले. तू गेला नाहीस ते मी गेले. त्यांनी नवीन चिठ्ठी दिली, त्यावर तारखा घालून. इतके दिवस एक, मग अर्धी, मग दिवसाआड अर्धी, आणि प्रत्येक पायरीला येऊन दाखवायचं. काही वेगळं वाटलं तर तारखेची वाट बघायची नाही. ही बाटली त्या चिठ्ठीची.

मला वाटलं होतं हे सगळं समजल्यावर भीती जाईल. गेली नाही, दादा. घेतली तर चेहरा तुझ्यासारखा फुगेल याची भीती. नाही घेतली तर अंगण कलेल याची भीती. छातीत आवाज आला की भीती, आणि आवाज आला नाही तर त्याहून जास्त. रोज सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा माझा श्वास ऐकते आणि मग विचार करते, हा खरा आहे का? तू असतास तर हसला असतास. हसायला तरी यायचं होतंस.

इतकं लिहून मी बाटलीतला कापूस काढला. तळहातावर एक गोळी घेतली आणि तशीच बसले. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, तुझ्या स्टुलाकडे बघितलं, आणि सरळ जाऊन त्यावर बसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्यावर कोणी बसलं. त्यांनी तुझं घड्याळ पदराच्या गाठीतून काढून मांडीवर ठेवलं आणि हात पुढे केला.

"द्या इकडे. आधी मी घेऊन बघते."

त्यांना दमा नाही, दादा. त्यांना कधी साधी सर्दीही झालेली मला आठवत नाही. तरी त्यांचा हात माझ्यासमोर उघडा होता. या घरात औषध असंच घेतात, हे त्यांनी वीस वर्षं बघितलंय. तू नाहीस, तर कोणीतरी बसायलाच हवं, एवढंच त्यांना कळत होतं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही घेतल्याने माझं काही कळत नाही. दादानं घेतल्यानंही कळत नव्हतं."

हे मी मोठ्याने म्हटलं, तुझ्या स्टुलासमोर, आणि मला वाटलं आता तू उठून हिंदीत भांडायला लागशील. मी गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायले. वहिनींनी घड्याळाकडे बघितलं.

आता त्या तिथे बसल्या आहेत आणि मी इथे लिहिते आहे. मधेच त्या विचारतात, "बरं आहे न?" आणि मी मान डोलवत नाही, तोंडाने सांगते. भीती वाटते आहे, पण बरं आहे. अर्धा तास होऊन गेला. त्या अजून उठल्या नाहीत.